पेटीवरचा अभ्रा

२ फेब्रुवारी, सोमवार

गळ्यात डबी पडली! साबणाच्या वडीएवढी, पट्टा लावलेली. आत छोटा पंखा आहे, तो झोपलेल्या मांजरासारखा घुरघुरतो. पोरगी म्हणाली, "बाबा, पंधरा दिवस काढायची नाही. आंघोळ सोडून." पाठीमागे चिठ्ठी चिकटवली आहे — क्रमांक सतरा. पोटच्या पोरीने बापाला नंबर दिला!

चौकाजवळ राहणारे म्हातारे दिवसभरात कसली हवा घेतात, ते ही डबी मिनिटामिनिटाला टिपून ठेवते म्हणे. खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांनाही एक दिली आहे. सोबत तक्ता भरायचा — कुठे होतात, काय करत होतात, किती वेळा खोकलात. खोकल्याचा रकाना पोस्टमास्तरांच्या तक्त्यात नाही. माझ्याच नशिबी का, असं विचारलं. "वेगवेगळे तक्ते असतात, बाबा." असतील.

खोकला — शून्य. हे लिहिताना दोनदा खोकलो. पण ते काय मोजायचं!

३ फेब्रुवारी

दुपारी गुपचूप चौकातल्या शाळेपाशी जाऊन आलो. पोरीची मोठी पेटी बघायची होती. फाटकाच्या आत, चौकीदाराच्या खोलीला लागून छातीएवढा कट्टा आहे, त्यावर ती बसवली आहे. माझ्या डबीची थोरली बहीण.

या पेटीसाठी पोरीने तीन वर्षं कागद नाचवले. शाळेतल्या पोरांना दम का लागतो, याचा तिचा अभ्यास. हवेची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहेच. पण ती इथे मोडते हे आकड्यांनी दाखवावं लागतं, आणि तेही सलग दहा दिवसांच्या पूर्ण आकड्यांनी. पेटी उसनी आणलेली, सोळा तारखेला परत जाणार. एकोणीसला प्रदूषण नियंत्रण कार्यालयात सुनावणी. शाळेच्या रस्त्यावरून दिवसा ट्रक जाऊ द्यायचे की नाही, ते त्या दिवशी ठरणार.

आणि एवढी मोलाची पेटी उघडी! वर बोटभर धूळ. मला बघवेना. चाळीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले. मशीन परत देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचो — काम झालं की झाकण घाला, धूळ यंत्राची वैरीण.

पोरीला सांगायची सोय नाही. "चौकात जायचं नाही, खोकला वाढेल" आणि "माझ्या कामात लुडबुड नको" ही तिची दोन कलमं. एकदा तिच्या कॉम्प्युटरच्या बटणांत तेल सोडलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली, तरी विसरत नाही.

४ फेब्रुवारी

हिच्या हातच्या भरतकामाचा उशीचा अभ्रा घेतला, कडेने इलॅस्टिक घातलं. पेटीला असा बसला की मापच घेतलं होतं जणू! साडेतीनला घातला, पाचला काढला. चारला शाळा सुटते, ट्रकांची रीघ तेव्हाच लागते. बाकी वेळ पेटीने खुशाल मोजावं. शिवाय कापडातून हवा जातेच. तिला हवा मोजायची आहे ना? मग धूळ कशाला आत!

चौकीदार म्हणाला, "काका, ताईंना विचारलंत का?"

म्हटलं, तिला जन्माला घालतानाही विचारलं नव्हतं.

तक्त्यात — साडेतीन ते पाच, घरी, वाचन. खोकला शून्य.

घरी ही उशी हातात घेऊन उभी. "याचा अभ्रा कुठे गेला?" मी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

५ फेब्रुवारी

घातला. काढला. वाचन. शून्य.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अभ्रा घालायला अर्धं मिनिट लागतं. मग दीड तास उभा का राहतो? अभ्रा कोणी पळवेल म्हणून, असं चौकीदाराला सांगितलं आहे.

खरं इथे लिहितो. पोरं सुटतात ते बघायला थांबतो. पोरगी शाळेत होती तेव्हा मी एकदाही फाटकाशी गेलो नाही. ती एकटीच दुकानात यायची, काउंटरवर गृहपाठ करायची. शेजारी मी परातीत पेट्रोल ओतून मशीनचे भाग धुवायचो. खोलीला एक खिडकी, तीही थंडीत बंद. पोरीला दम लागायचा. डॉक्टर म्हणायचे, हवामान. आम्ही म्हणायचो, हवामान. आता ती या विषयातली शहाणी झाली, पण त्या परातीबद्दल कधी बोलली नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मला वास येत नव्हता का?

आज एक चिमुरडी फाटकाबाहेर येऊन थांबली, कमरेवर हात ठेवून श्वास घेत राहिली. ट्रक गेला, मग रस्ता ओलांडला. मला घरी येईपर्यंत तेच दिसत होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

घात झाला! अभ्रा घरीच विसरलो. चौकात पोचल्यावर आठवलं. परत जाऊन येईस्तो ट्रक सुरू झाले असते. मग काय, पेटीला टेकून उभा राहिलो, साडेतीन ते पाच. माझी डबी आणि ती पेटी, दोघी शेजारी शेजारी. बिचारी उघडीच राहिली. घरी आल्यावर बराच खोकलो. हिला सांगितलं, ठसका.

तक्ता — शून्य.

१२ फेब्रुवारी

रोज घालतो आहे. सोमवारची चुटपुट अजून आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पोरगी आली. पेटीतलं कार्ड ती दोन आठवड्यांनी एकदाच काढते, ते आज काढलं. स्वयंपाकघरात स्टुलावर बसली ती बसलीच. चहा गार झाला.

"शाळा सुटताना हवा सगळ्यांत स्वच्छ! ट्रकमालकांचा वकील पेढे वाटेल. चार तारखेपासून रोज दुपारी खड्डा, फक्त नऊ तारखेला आकडा वर जातो. पंप तपासला, सगळं तपासलं."

मी शहाणपणा केला. म्हटलं, धूळ गेली असेल आत.

ती हसली, थकून. "अहो बाबा, धूळच तर मोजते मी. डोळ्यांना दिसत नाही ती. तीच पोरांच्या छातीत जाते."

मी उठून खिडकीपाशी गेलो.

ती गेल्यावर ही आली. हातात अभ्रा — कोटाच्या खिशात सापडला म्हणे. तिच्या भरलेल्या फुलांच्या मधोमध, पेटीचं हवा ओढायचं तोंड येतं तिथे, काळाकुट्ट वाटोळा डाग, रुपयाएवढा. "हे काय उद्योग आहेत?" मी अभ्रा हिसकावून घेतला. धुवायला दिला नाही.

१५ फेब्रुवारी

सांगितलं. तिच्या घरी जाऊन, समोर अभ्रा ठेवून.

ओरडली असती तर बरं झालं असतं. डागावरून नुसतं बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "सुनावणीत हे लिहून द्यावं लागेल. या दुपारी बाद." नव्या तारखेला वर्ष जातं. तोवर ट्रक जातच राहणार.

एक वर्ष. ती कमरेवर हात ठेवलेली चिमुरडी अजून एक वर्ष तिथूनच जाणार. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. जेवलो नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पेटी परत गेली. संध्याकाळी पोरगी माझी डबी उतरवायला आली. इथेच टेबलावर डबी कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर रेघ उमटली. बराच वेळ सपाट, मग एकदम भिंतीसारखी उभी. पुन्हा सपाट, पुन्हा भिंत.

"बाबा, साडेतीन ते पाच तुम्ही काय वाचत होतात?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"तिथेच उभे होतात? रोज? पूर्ण दीड तास?"

"अभ्रा कोणी नेला असता..."

ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग भराभरा बोलायला लागली. पेटीवर अभ्रा होता, माझ्या गळ्यावर नव्हता! जे पेटीच्या तोंडाशी अडलं, ते डबीने टिपलं. आणि नऊ तारखेला दोघी उघड्या, शेजारी शेजारी. दोन्हींचे आकडे जुळले, तर डबीवर विश्वास ठेवता येतो. तिने दोन्ही रेघा एकीवर एक ठेवल्या. जुळल्या! मी टाळी वाजवली, तर रागाने बघितलं.

पण तक्त्यात 'घरी, वाचन'. माझ्याच हातचं. "खोटा तक्ता कोण मानणार? तुम्ही तिथे होतात हे त्या त्या दिवशी कुठे लिहिलंय का?"

हिने कपाटाकडे बोट दाखवलं. या वहीकडे.

१७ फेब्रुवारी

वही देतो आहे. आधी वाटलं, सहा तारखेचं पान फाडावं. पण फाडलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? पोरी, वाचशीलच. जे आहे ते आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी वही परत मिळाली, पानांच्या नकला काढून. सहा तारखेच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. जिना उतरताना तिने माझा हात धरला, आणि माझे गुडघे ठणठणीत आहेत.

सुनावणीला मी बाहेरच्या बाकावर. आतलं सगळं तिने नंतर सांगितलं. ट्रकमालकांचा वकील म्हणाला, "वा! मुलीचा अभ्यास आणि बापाचा गळा!" अधिकारी बाईंनी वही मागितली. चार तारखेचं वाचताना त्यांना हसू आवरेना. मग नऊ तारखेचं पान शांतपणे दोनदा वाचलं. रेघा बघितल्या. अभ्रा उजेडात धरून बघितला.

निकाल — तीन महिने, दुपारी दोन ते सहा, ट्रक बाहेरच्या रस्त्याने. त्या काळात कार्यालय स्वतःची पेटी लावणार, मग कायमचं ठरणार. "आणि तिला कोणी अभ्रा घालणार नाही," असं त्या बाईंनी तोंडी बजावलं.

पोरगी बाहेर येऊन बाकावर बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. शाळेत असताना काउंटरवर पेंगायची, तशी. म्हणाली, "बाबा, परातीचं मला कधीच कळलं होतं. मी रागावले नव्हते." मला रडू आलं. बाकावरचे लोक बघत होते. बघोत.

२२ फेब्रुवारी, रविवार

अहवालाची प्रत आली. चष्मा लावून पहिल्यापासून वाचत होतो. पान तीन — अभ्यासातील सहभागी : सोळा. खाली बारीक अक्षरात — याखेरीज एक डबी, अभ्यासाबाहेरची.

हिला विचारलं, मग मी कोण?

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुमचा खोकला ऐकून पोरगी महिनाभर माझ्या मागे लागली होती. डॉक्टरकडे चला म्हटलं तर तुम्ही हलणार नव्हतात. तिच्या अभ्यासाला मात्र नाही म्हणणार नाही, हे तिला ठाऊक होतं." मग घड्यांखालून एक कागद काढला. पंधरा दिवस, रोजच्या काड्या मारलेल्या, हिच्या हातच्या. "शून्य म्हणे!"

उद्या साडेदहाला छातीच्या डॉक्टरांकडे. पोरगी न्यायला येणार आहे. जाईन.

आजचा खोकला — एकतीस.