डाव कोणाच्या हातात

३ जुलै
आजपासून रोजनिशी. अक्षर मला येत नाही, म्हणून मी सांगते आणि सून मीरगुल लिहिते. तिला बजावलं, वही खाजगी आहे, तू वाचायची नाहीस. हसली. दात बरे आहेत, अक्कल बेताची. हेही लिही.

४ जुलै
नातू चालायला लागला. रविवारी आमच्या रीतीप्रमाणे त्याच्या पायांना दोरी बांधून ती कापायची, म्हणजे पोर अडखळत नाही. शहरातून व्याही येणार. त्यांना सरबत गारच लागतं, नाजूक माणसं! आमचे म्हातारबुवा, सातार, घोड्यावरून डोंगरातला बर्फ आणतील.
मोठ्या कढईचा डाव जिच्या हातात, तिचाच तंबूत हुकूम. तो लग्नापासून माझ्या हातात. मीरगुल म्हणते, आपा, एकदा मला द्या. म्हटलं, मी मेल्यावर. म्हणे, बरं, घाई नाही.

६ जुलै
डावाच्या लोखंडी दांड्यानं तळहात भाजला. चूक रश्श्याची. मीरगुल म्हणे, दांड्याला नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, पट्टी गुंडाळा. नमदा तंबूला लावतात, बाई. डावाला थंडी वाजते का?

८ जुलै, रविवार, सकाळ
बर्फ आला, विटेएवढे दोन तुकडे. मीरगुलनं आपला तुकडा नमद्यात गुंडाळला! लोकर गरम असते, मेंढीला विचारा. बर्फाला कोट घालणारी बाई आज पाहिली. माझा तुकडा मी तांब्याच्या हंड्यात ठेवला. तांबं किती गार, गाल लावून बघा. हंडा नि गाठोडं चुलीच्या तंबूत शेजारी शेजारी.
पैज लागली. जिचा बर्फ दुपारी उरेल, तिचा डाव, तोही व्याह्यांसमोर. पैज मी लावली, हे ठळक लिही.

दुपार
हंड्यात पाणी. विहीणबाई सारखी वाकून बघत होती, नजर लागली. सातार म्हणतो, नजरेनं बर्फ वितळत नाही. याला कोणी विचारलं?
मीरगुलनं नमदा सोडला. तुकडा शाबूत, कोपरे तेवढे झिजलेले. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. शहरातले लोक कशालाही टाळ्या वाजवतात.
डाव दिला. तिनं दांड्याला नमद्याची पट्टी गुंडाळली आणि पहिलं मांस मला वाढलं. चव बेताची. दोनदाच घेतलं.

९ जुलै
विचार केला. चूक माझी नाहीच. नमदा गरम असतो, हे मला लहानपणी कोणीतरी खोटं सांगितलं. नमदा थंड असतो! बर्फानंच सिद्ध केलं. मीरगुल लिहिता लिहिता थांबली. म्हणे, आपा, नक्की? म्हटलं, तू लिही. पायातले नमद्याचे बूट काढून तिच्या पुढ्यात टाकले. इतकी वर्षं उगाच पाय गारठवले.

१० जुलै
पहाटे गारा पडल्या. पाय आहेत की नाहीत, कळेना. सातारला म्हटलं, बूट आण. म्हणे, थंड वस्तू कशाला मागतेस? आणि कूस बदलून झोपला.
मीरगुलकडे मागितले. एका हातात डाव, एका हातात पेन्सिल. म्हणाली, देते आपा, आधी कांदे सोला.
सोलते आहे. डोळ्यांत पाणी आहे ते कांद्याचं, असं लिही.
म्हणे, लिहिलं.
म्हटलं, वाचून दाखव.
म्हणे, खाजगी वही आहे, आपा. मी वाचायची नाही.