पाळणा पन्नास मिनिटांवर

आंधळगाव, दि. ३ डिसेंबर २०२४

चि. सौ. डिंपलले आजीचे अ. उ. आ. वि. वि.

इकडं सारे खुशाल. फोनवर मले आयकू येत नाई म्हून लिहून राहिली. पणती झाल्यापासून माहे पाय जमिनीवर नाई व! तुह्या भावानं, कैलाशनं, मोबाइलात पाह्यलं. गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळावरून तुमचं जगदलपूर सव्वातीनशे किलोमीटर, विमानानं पन्नास मिनिटं! तेवढ्यात आपली एसटी भंडाऱ्याले पोचत नाई. बारसं दुपारी ठेवजो, संध्याकाळी गाईच्या धारेले मी परत. शेजारच्या विमलाबाईले तसं सांगूनबी टाकलं. तिचं तोंड पाहाचं होतं!

एक ध्यानात ठेवजो. आपल्या घरचं लेकरू पहिल्यांदा पाळण्यात निजते ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं आपल्या हातानं आथरलेल्या कोशाच्या रेशमी कापडावर. तुहा बाप निजला, तू निजली. यंदा कोशातलं सूत मी मांडीवर वळून काढलं, आपल्या गावच्या विनकर डोमानं मागावर विनून देल्लं. मी येतपर्यंत पोरीले पाळण्यात टाकू नोको. विमानात कापड मांडीवर घेऊ देतेत का, तेवढं इचारजो.

आजीवरची माया पातळ होऊ देऊ नोको.

तुही आजी,
केशरबाई

जगदलपूर, दि. १२ डिसेंबर

ती. आजीस शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. आजी, कैलाशदादानं अंतर पाहिलं, विमान नाही पाहिलं. कोणत्याही दोन विमानतळांची नावं टाकली की मोबाइल आकाशातली सरळ रेघ मोजून वेळ सांगतो. त्या रेघेवर विमान जातच नाही! तुझ्या नातजावयानं, मनिषनं, दोन दिवस शोधलं. आधी भलतीकडे हैदराबादला जा, तिथं मुक्काम करा, मग इकडे या. गाडीनं पूर्ण दिवस, त्यात केशकालचा घाट. तुझ्या कंबरेचं काय होईल? कापड कुरियरनं पाठव, सासूबाई अंथरतील. बारसं २९ला आहे, त्या दिवशी तरी पाळणा हलायला हवा, असं त्या म्हणतात. तोवर लेक माझ्या मांडीवरच झोपते.

रागावलीस तरी माया तेवढीच ठेव.

तुझी नात,
डिंपल

आंधळगाव, दि. २० डिसेंबर

चि. सौ. डिंपलले आशीर्वाद. कैलाशच्या मोबाइलले नाई.

विमानच नाई त पन्नास मिनिटं कोनाले सांगते तो? बगळ्याले? विमलाबाई रोज गोठ्यापाशी येऊन इचारते, काहो केशरबाई, आलं का विमान? मले तोंड लपवून दूध काढा लागते. कैलाशले म्हनलं, जवळच्या तुमसरले जाले कोनी नागपूरले मुक्काम करते का? तो म्हनते, विमानाचं असंच असते आजी. असं असते त आपली एसटी काय वाईट होती?

कुरियर-फुरियर काही नाई. आथरनारा हात त्याच्यात बसत नाई. तुह्या सासूबाईले नमस्कार सांगजो, पन कापड मीच आथरन, अन् कंबर माही आहे, तुही नाई. उद्या पहाटे कैलाश भाड्याची जीप आनून राहिला. कारध्याच्या पुलावरून रायपूरचा रस्ता, मंग घाट असो का काही असो. पाठीले दोन उशा, मांडीवर कापड. गाय विमलाबाईच्या हवाली केली. तिले सांगतलं, धारेले वाट पाहू नोको, आता होळीलेच येईन.

हे पत्र तुले मी पोचल्यावर भेटन. तवा मलेच वाचून दाखवजो. विमानाले हरली, पन टपालाच्या त पुढं आहो!

पाळणा खाली ठेवजो, मी बसूनच कापड आथरन.

तुही आजी,
केशरबाई