दुसरं टोपडं

तेलीबाग, लखनऊ
१८ जानेवारी २०२५

प्रिय यमुनास,
द्रौपदीताईचा स. जय भीम. वि. वि.

बातमी सगळ्यात आधी कळली ती पद्मिनीला. शेजारच्या मिश्राइनला नातू झाला ना, तिथे आज बधाई गायला किन्नर आले होते, त्यांची ही म्होरकी. मागे ढोलकवाली. मी गच्चीवरून वाकून सांगितलं, नंतर आमच्याकडे पण ये, आमच्याकडे डबल आहे. होय यमे, जुळे! तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते.

सूनबाईला सातवा चालू आहे. काल सुगत तिला सोनोग्राफीला घेऊन गेला होता. डॉक्टरणीने आणखी दोघांना बोलावून पोट दाखवलं म्हणे. घरी आले तर रूपाली भिंतीकडे तोंड करून झोपली, सुगत बुटांसकट पलंगावर बसून राहिला. मला हसूच आलं. मुलगा की मुलगी ते सांगायला बंदी आहे, दवाखान्यात पाटीच असते, पण म्हणून घरात एवढं तोंड शिवून बसायचं? मग मीच पाकिटातला फोटो खिडकीशी धरला. पाठीच्या कण्याची रेघ दिसते बघ, माशाच्या काट्यासारखी. एक मोठी, तिच्या पुढ्यात एक इवलीशी. सुगतला म्हटलं, दोन ना रे? हो म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. रडला असेल आनंदाने, बापावर गेलाय.

इथे थंडी फार. वाटलेल्या मटारची आमटी, इथे निमोना म्हणतात, ती खाऊन खाऊन कंटाळा आला. पिवळ्या लोकरीचं एक टोपडं झालं, दुसरं तू विण, तुझी वीण घट्ट असते. तुझ्या लेकाला, देवानंदला आशीर्वाद. लोभ आहेच, तो आता दोघांना पुरेल एवढा वाढव.

तुझी ताई


वर्धा
३० जानेवारी २०२५

ती. ताईस,
यमुनाचा सा. जय भीम. वि. वि.

पत्र पोचलं. देवानंद वाचायला बसला आणि अर्ध्यावर उठून गेला. सुगतने त्याला फोन केला होता. काय झालं ते देवानंदने मला कागदावर लिहून दाखवलं. मी ते इथे लिहीत नाही, ते तुझ्या लेकाने सांगायचं. त्याला समोर बसव आणि विचार. रूपालीपुढे जुळ्यांचं नाव काढू नकोस.

दुसरं टोपडं मी विणत नाही, ताई. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी यमू


तेलीबाग, लखनऊ
२२ मार्च २०२५

प्रिय यमुनास,
स. जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मी आठ दिवस गादीखाली ठेवलं. मग विचारलं. सुगतने लिफाफ्याच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं. बाळ एकच. दुसरं त्याच्या पोटात, जुळंच, पण अर्धवट राहिलेलं. कणा आहे, हातापायांचे कोंब आहेत, डोकं नाही, काळीज नाही. आपल्या बाळाच्या रक्तावर वाढतंय. लाखांत एखाद्याला होतं, कुणाची चूक नाही. रूपाली एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही दोन-दोन झबली शिवत होतात. मी कोणत्या तोंडाने सांगू?"

सोमवारी मुलगी झाली. नाव मुक्ता. पोट इतकं ताणलंय की शिरा दिसतात. काचेच्या पेटीत आहे, दम लागतो. ती गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीय. काढताना रक्त जाईल, वाचेलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. ठेवली तर श्वास पुरणार नाही. मंगळवारी सकाळी ऑपरेशन. निघेल ते तपासायला पाठवतील, त्याच्यावर सुगतने सही केली. टोपडं नर्सने घालू दिलं.

दुसरं मीच विणून ठेवलं होतं, तुझी वाट न बघता. परवा उसवायला घेतलं तर रूपालीने हातातून ओढून घेतलं. तिच्या उशीखाली आहे.

इतकी वर्षं लोभ केलास, आता चार दिवस तो सगळा मुक्ताकडे वळव.

तुझी ताई

ता. क. पाकीट चिकटवत होते तर पद्मिनी आली. टाळ्या वाजवतच आली, माझं तोंड बघून थांबली. सगळं सांगितलं. तिने ढोलकवालीला फाटकाबाहेर पाठवलं आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. बधाईसाठी तिला काढून ठेवलेली साडी दिली तर घेतली नाही. जाताना म्हणाली, ढोलक न आणता येईन. मंगळवारी.