बाबांनी न दिलेलं रक्त

चि. मॅलकीस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, तुला हवा असो वा नसो. तुझ्या नोरीनची कंबर आता कशी आहे? तुझ्या बोटांचे सांधे बॉस्टनच्या थंडीने धरलेत असं तू लिहिलंस, ते वाचलं. (त्या थंडीबद्दल खाली बोलणार आहे.) इकडे सगळं ठीक. तांबडी गाय व्याली, गोठ्याचं छप्पर अजून जागेवर आहे, आणि मी दारुडी झाले आहे.

दचकू नकोस, हे गावाचं मत आहे. झालं असं की हिवाळ्यापासून मला जिना चढवेना आणि चेहऱ्यावर तांब्याच्या भांड्यासारखा रंग चढला. शेजारच्या कन्सेप्टाने कुंपणावरून विचारलं, "काय गं अट्रॅक्टा, स्पेनला ऊन खाऊन आलीस वाटतं, आणि आम्हाला पत्ता नाही?" (मी आणि स्पेन! मला आपल्या स्लायगोचं ऊनसुद्धा सोसत नाही, आणि ते पडतं तरी कधी?) शेवटी डॉक्टरकडे गेले. तो पोरगेला डॉक्टर तपासणीचा कागद बघून म्हणतो, यकृत सुजलंय, रोज किती घेता? मी म्हटलं, चहा, किटली संपेपर्यंत. तो समजूतदारपणे हसला. मग मी कोटाच्या कॉलरवरची पिन त्याच्या नाकासमोर धरली. दारूच्या थेंबाला शिवणार नाही या शपथेची आपली पिन, मॅलकी! त्याला वाटलं, ही कुठल्यातरी फुटबॉल संघाची आहे.

पण माझा अवतार बघून त्याने आणखी एक तपासणी केली, आणि निघालं काय, तर माझ्या अंगात लोखंड साठलंय. आपल्या आयरिश लोकांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालतो म्हणे. जेवणातलं लोखंड शरीर हवं तेवढं घेऊन थांबतं, माझं थांबतच नाही, यकृतात आणि सांध्यांत कोंबत बसतं. उपाय एकच, रक्त काढून टाकणं. तांबड्या पेशींत लोखंड असतं, त्या गेल्या की शरीर साठ्यातलं लोखंड काढून नव्या घडवतं, आणि साठा उतरत जातो. हे मला नर्स डर्व्हलाने समजावलं. तिने पांढऱ्या पेशीही सांगितल्या, त्या घुसखोरांना बडवतात. प्लेटलेट्स म्हणे भोक पडलं की तत्काळ धावून बुजवतात. (आपल्या रस्त्यांचं काम त्यांच्याकडे द्यायला हवं.) हे सगळं पिवळ्या पाण्यात तरंगत असतं, त्याला प्लाझ्मा म्हणतात. डुकराच्या रक्ताचं पुडिंग खाणं कमी करा, असंही ती म्हणाली. मी त्या दिवशी नाश्त्याला दोन जाड काप खाऊन गेले होते. एका बाजूने काढताय, तर दुसऱ्या बाजूने थोडं येऊ दे की.

आता दर गुरुवारी मी इस्पितळात रक्त काढायला जाते, आणि दारू सोडवायचा विभागही त्याच दाराने आहे. कन्सेप्टाने बसमधून पाहिलं. ("बापाच्या वळणावर गेली बिचारी," हे तिचं वाक्य माझ्या आधी घरी पोचलं.) रविवारी तिने चर्चमध्ये माझ्या नावाने मेणबत्तीसुद्धा लावली. स्वतःच्या अंगात रक्त नाही, लोखंडाच्या गोळ्या खाऊन जगते, तरी दुसऱ्याची काळजी वाहायला ताकद कुठून येते कोण जाणे. मग प्रार्थनेनंतरच्या चहाला मी हॉलमध्ये खुर्चीवर उभी राहिले, बाही वर करून सुईच्या खुणा दाखवल्या आणि माझा आजार, बाबांचं यकृत, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. फादरनी केकचा तुकडा तसाच हातात धरला होता. मला काडीची लाज वाटली नाही.

कारण बाबांचा शेवट आठव. तोच तांबूस चेहरा, तेच गेलेलं यकृत, कॉलरवर हीच पिन. गाव म्हणालं, पिन बाहेर आणि बाटली आत. मॅलकी, दफनाच्या दिवशी तूही तेच म्हणालास आणि अमेरिकेला निघून गेलास. तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे मी तेव्हाही सांगत होते, पण माझ्याकडे नुसती जीभ होती. आता डॉक्टर म्हणतो, बाबांनाही बहुधा हेच होतं. डॉक्टरचं बहुधा म्हणजे माझं नक्की.

आणि खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. हॉलवर रक्त गोळा करणारी गाडी यायची, आठवते? रक्त देणाऱ्याला तब्येत सावरायला काळ्या बिअरचा ग्लास मिळायचा, म्हणून अर्धं गाव बाह्या सरसावून रांगेत. बाबा कधी गेले नाहीत. त्या दारात दिसलो तर लोक काय म्हणतील, म्हणून टेकडीवरून वळसा घालून घरी यायचे. ज्या टेबलावर त्यांचा जीव वाचला असता, त्याच टेबलावर तो ग्लास होता. गावातले पिणारे रक्त देऊन म्हातारे झाले आणि न पिणारा माणूस दारुडा म्हणून पुरला गेला. मला अजून रडू येतं, आणि रडून झालं की राग येतो.

बाकी क्षेम आहे. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अट्रॅक्टा

ता. क. माझं रक्त एरवी चांगलं असल्याने आता रक्तपेढी ते घेते. कन्सेप्टाचं खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, तिला रक्त चढवावं लागणार. ते माझंच निघावं, म्हणून मीही एक मेणबत्ती लावली आहे.

ता. क. दुसरा. तुझ्या मुलीच्या लग्नाचा फोटो मिळाला. नोरीन लिहिते की उन्हाने तुझा रंग छान तांबूस झालाय. लग्न फेब्रुवारीत होतं, मॅलकी. फोटोत तू बाबांसारखा दिसतोस, आणि मी नाकाबद्दल बोलत नाहीये. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं, असं डर्व्हलाने बजावलंय. या आठवड्यात जा. तुझ्या बोटांत आहे ती थंडी नाही.

ता. क. तिसरा. पाकिटात बाबांची पिन आहे. सुई टोचून घेताना लाव. (तू पितोस हे मला माहीत आहे. तेवढ्यापुरती लाव.) परत करताना मात्र पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः आणून त्यांच्या थडग्यापाशी ठेव.