खुर्चीवरचं काळं कापड

३ मार्च, मंगळवार

समितीनं आज विचारलंच! सिटी हॉलच्या पाचव्या मजल्यावर, महापौरांच्या दालनाबाहेरच्या भिंतीवर, आजवरच्या सगळ्या महापौरांची नावं पितळी अक्षरांत लागणार. कुणाची लावायची ते शहराची इतिहासकार म्हणून मी सांगायचं. पगार त्याचाच घेते. अध्यक्षा डोम्ब्रोव्स्कीबाई गोड आवाजात म्हणाल्या, "कोरिन, तुझ्या वडिलांचं काय करायचं? तू म्हणशील तसं करू."

तू म्हणशील तसं – एवढं तरी त्यांनी म्हणायला नको होतं.

४ मार्च, बुधवार

नुसतं काय घडलं तेवढंच लिहून बघते.

मी आठ वर्षांची असताना, भर हिवाळ्यात, तेव्हाचे महापौर दालनातच वारले. डॅडी कौन्सिलचे अध्यक्ष. निवडणूक होईपर्यंत कारभार त्यांच्याकडे आला. त्या दालनात बसलेला पहिला काळा माणूस. बसलेला? बसले कुठे! इथली जुनी रीत – महापौर पदावर असताना गेला, तर नवा निवडून येईपर्यंत खुर्चीवर काळं कापड. ती बिअरच्या भट्ट्यांवाल्या जर्मन महापौरांनी घातली, पुढे आयरिश महापौरांनी पाळली, आणि डॅडींनीही पाळली. खिडकीजवळच्या लहान टेबलावरून शहर चालवलं. रस्त्यांवरचा बर्फ त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या ईस्ट साइडच्या गल्ल्यांतून उचलला गेला. मग निवडणूक हरले. "खुर्चीत बसलाच नाही, तो कसला महापौर?" – हे तेव्हाच्या प्रचारातलं. बसले असते तर तेच लोक म्हणाले असते, मढ्यावरचं कापड ओढलं.

पहिल्या काळ्या महापौराचा मान पुढं दुसऱ्या कुणाला मिळाला. डॅडी त्याच्या शपथविधीला नवा कोट शिवून गेले होते.

९ मार्च, सोमवार

लिहून दिलं. शहराच्या सनदेप्रमाणे प्रभारी महापौर म्हणजे महापौर नव्हे. डॅडींच्या आधीही काही प्रभारी होऊन गेले, त्यांची नावं कुठंच नाहीत. मग यांचं कसं लावायचं? डोम्ब्रोव्स्कीबाईंनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

खरं तेच लिहिलं. पण खरं आहे म्हणून लिहिलं, की बापाचं नाव घुसवलं असं कुणी म्हणू नये म्हणून? दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मी सनदेशी भांडले असते. बहुधा. – "बहुधा" कशाला? भांडलेच असते.

१४ मार्च, शनिवार

डॅडींना रॉस्कोच्या सलूनमध्ये नेलं. केस उरलेत कुठं, पण शनिवार चुकवायचा नाही. आत पाऊल टाकताच नेहमीचं सुरू. महापौरसाहेब, आमच्या दारातला खड्डा कधी बुजवताय? महापौरसाहेब, सासू ऐकत नाही, वटहुकूम काढा. इतकी वर्षं झाली, पण इथं त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही.

आज डॅडींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हसून घ्या. आता पोर भिंतीवर लावतेय मला." भिंतीची बातमी पेपरात होती, नावाचं त्यांनीच गृहीत धरलं.

सलून टाळ्यांनी दणाणलं. रॉस्कोनं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मी काय केलं? हसले.

२२ मार्च, रविवार

चर्चनंतर मावशीनं गोडाला पीच कॉबलर आणलं. डॅडींनी दोन घास खाऊन ताटली सरकवली. मूत्रपिंडं गेलीत, आणि डायलिसिसला त्यांनी साफ नकार दिलाय. डॉक्टर आता महिन्यांची भाषा करत नाहीत.

"अक्षरं लागली की ती भिंत दाखव मला," म्हणाले.

आज सांगायलाच हवं होतं. तोंड उघडलं – आणि कॉफी घेणार का, असं विचारलं.

२ एप्रिल, गुरुवार

नेलं.

चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत सोडलं. तिथं पहाऱ्यावर पेटीफोर्ड होता, डॅडींच्या ओळखीचा. तो म्हणाला, मी नेतो वर, तुम्ही गाडी लावून या. जागा लवकर मिळेना. मीही फारशी शोधत नव्हते.

पाचव्या मजल्यावर पोचले तर डॅडी भिंतीसमोर एकटेच. चष्मा कोटाच्या खिशात.

"सगळं धुकं दिसतंय गं. कुठं आहे मी? बोट ठेव माझं."

त्यांचा हात धरला. कसला हलका हात! आणि ठेवला – एका भट्टीवाल्या जर्मनाच्या नावावर. आमच्या नावाएवढंच लांब होतं, म्हणून. ते एकेक अक्षर चाचपत शेवटापर्यंत गेले.

"घट्ट बसवलंय," म्हणाले. मग माझा हात थोपटत – "चोख काम केलंस, पोरी."

परतीच्या वाटेवर मजेत होते. लाल दिव्यापाशी थांबलो की गुणगुणायचे.

समितीला खरं सांगितलं आणि बापाला खोटं. उलट केलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

११ एप्रिल, शनिवार

डॅडी गेले.

१६ एप्रिल, गुरुवार

चर्चमध्ये जागा पुरली नाही. दफनावरून परतताना रॉस्कोला सोडायला गाडी त्याच्या सलूनपाशी थांबवली. डॅडी बसायचे त्या खिडकीतल्या खुर्चीवर काळं कापड घातलंय. रॉस्को म्हणाला, "नवा निवडून येईपर्यंत."

मी गाडीतून उतरलेच नाही.

२० एप्रिल, सोमवार

कामावर रुजू. पेटीफोर्डनं दारातच टोपी काढली. म्हणाला, "त्या दिवशी मजा आली, मिस कोरिन. माझा चष्मा घरी राहिला होता, तर तुमच्या वडिलांनीच मला सगळी भिंत वाचून दाखवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही नाव न अडखळता. तुमची लिफ्ट वर यायला लागली तसा त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला म्हणाले, तू जा आता, पोर येतेय."