वामन जिवंत आहे

१० जाने. ९९, कारंजा (घाडगे)

दिवाळीत ही वही आणली, पहिल्या पानावर नाव टाकलं आणि लिहायचं ते राहिलंच. रोज म्हणायचं, उद्या. आज दुकानात गिऱ्हाईक नाही आणि समोर रस्त्यावर ट्रकही कमी, म्हणून बसलो.

रोहण्याहून निघाल्यावर पुलगाव, अमरावती, एक अख्खा पावसाळा रायपूर. कुठंच बूड टेकलं नाही. सध्या काकाजींच्या लायब्ररीत, म्हणजे पुस्तकं भाड्यानं द्यायच्या दुकानात, कामाला. दुकान हायवेला लागून, हाच एक घोळ. ट्रक दिसला की वाटतं, बसावं अन् निघावं.

काकाजींचा डावा डोळा काचबिंदूत केव्हाचाच गेला. उजव्यात मोतीबिंदू. परवा सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन. म्हणजे आहे तो एकच डोळा आणि त्यालाच हात लावणार. काकाजी मात्र विचारतात, नागपूरचं पार्सल आलं काय.

आलं. प्रभंजनची नवी कादंबरी, ‘बर्फाखालचा दिवा’ (इथून पुढं ब.दि.). हेर यशोधनच्या मालिकेतली. दोन प्रती. अख्खं कारंजा वाट पाहून राह्यलं होतं.

आमच्याकडची पद्धत : प्रत्येक पुस्तक आधी काकाजी वाचणार आणि कव्हरच्या आत पेन्सिलनं रेघ मारणार. उभी रेघ म्हणजे डोळे मिटून घेऊन जा. आडवी म्हणजे दुसरं काही नसेल तरच. बिनरेघेचं पुस्तक दुकानाबाहेर जात नाही. पेन्सिलीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. लोक लेखकाचं नाव पाहत नाहीत, रेघ पाहतात.

पण आता त्यांना अक्षर म्हणजे नुसतं धुकं. म्हणाले, “लोकं नाई थांबनार. एक प्रत फिरू दे कोरीच. दुसरी तू घेऊन येजो. तू वाच, मी ऐकतो.”

१३ जाने., सावंगी

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पांढरी पट्टी. चेहरा लहान झाल्यासारखा वाटतो. वॉर्डातली सिस्टर पुलगावची, माझ्याच वयाची असेल. तिनं नियम सांगितले. वाकायचं नाही, खोकायचं नाही, वजन उचलायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही, टाक्यावर ताण येतो.

काकाजी म्हणाले, “मी काऊन रडू बाई? मी काय सासरी चाललो?”

वाचायला सुरुवात केली. तिसऱ्याच पानावर वामन आला. वामन म्हणजे यशोधनचा जीपड्रायव्हर. इतक्या सगळ्या कादंबऱ्यांत आपल्याकडचा म्हणावा असा हा एकच माणूस. अकोल्याकडचा, “हाओ साहेब” म्हणणारा. लेखकानं तो हसवायलाच ठेवलाय, पण कारंजात यशोधनपेक्षा वामनची चौकशी जास्त. काकाजींचा तर त्याच्यावर जीव. “आला का माहा वामन,” म्हणून हसायला लागले. सिस्टर आली, जोरात हसायचंही नाही म्हणाली.

१५ जाने., येताना आर्वी स्टँडवर

लिहिलंच पाहिजे.

वाचत होतो. अर्ध्याच्या थोडं पुढं, घाटातला पाठलाग. पान उलटलं आणि वाचायच्या आधी खालच्या ओळी दिसल्या. ‘जीप दरीत कोसळली. वामन जागीच गेला. यशोधनने घड्याळ पाहिले.’ संपलं. इतकी वर्षं गाडी हाकली त्याची, आणि हा घड्याळ पाहतो.

काकाजी हनुवटी पुढं करून ऐकत होते. मला सिस्टर आठवली, टाके आठवले. तोंड आपोआप बोलून गेलं : जीप दरीत कोसळली, पण वामन त्याच्या आधीच खाली उतरला होता, चाकामागं दगड लावायला.

“मंग,” काकाजी म्हणाले. “ड्रायव्हर हाये तो.”

पुढं यशोधन एकटाच. मनात जे जे म्हणतो ते मी वामनच्या तोंडी देत गेलो. जानेवारीत घाम. पुस्तकात मेलेला माणूस, अजून कितीतरी पानं याला जगवायचं आहे.

समोर चिवडेवाला आहे. मोठ्या कढईत शेंगदाणे कसे सारखे उडवतो, पाहत बसलो, त्यात एक बस गेली.

१८ जाने., सावंगी

आज वाचून झाल्यावर नळापाशी सिस्टरनं गाठलं. ब.दि. होस्टेलवर तिनंही वाचलंय. हळूच म्हणाली, “भाऊ, तो वामन तर मरते ना?”

म्हटलं, हळू बोला.

“मग पुढं काय करसान?”

म्हटलं, माहीत नाही. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, उद्या माझी ड्युटी संपल्यावर सुरू करा, मलाही ऐकायचंय.

आता बसमध्ये खिडकीशी बसून वामन काय करेल याचाच विचार. रोहण्याच्या थोरल्या मामासारखा बोलायला लागलाय तो. मामाही ड्रायव्हरच होता, डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्याला शिव्या द्यायचा. घेतला वामनमध्ये.

२० जाने., कारंजा

सकाळी दुकान उघडलं. कोरी प्रत चार घरं फिरून आली. मतं :

भोयर गुरुजी (हायस्कूलला भूगोल शिकवतात, पुस्तकाला खाकी कव्हर घालून वाचतात) : रद्दी. बर्फाच्या डोंगरात आंब्याचं झाड. गद्दार सापडतो तो कशावरून, तर शिंकेवरून. “आणि आपला माणूस असा मारला? कुत्रं मेलं तरी गाडीवाला मागं वळून पाहते.”

सुलभावहिनी (पोस्टमास्तरांच्या) : फार आवडलं. यशोधन पहिल्यांदाच घरी जातो, आईच्या हातचं जेवतो, दोन दिवस नुसता झोपतो. मनुष्य वाटला म्हणतात. वामनचं वाईट वाटलं, पण लढाईत माणसं जातातच.

कॉलेजची पोरं : अर्ध्यात परत. आता केबलवर याहून भारी पाहायला मिळतं म्हणे.

नारू ड्रायव्हर : एक नंबर. हा संत्रा भरेपर्यंत वाचतो आणि गाडी भरली की पुस्तक टाकून निघतो. आजवर एकाही कादंबरीचा शेवट वाचलेला नाही. म्हणून त्याला सगळीच आवडतात.

गुरुजी आणि वहिनींचं बाकावर चांगलंच जुंपलं. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर जमलं. काकाजी काय म्हणतात पाहू. त्यांची रेघ येऊ द्या.

मी पोथ्यांच्या कप्प्यावरची धूळ झटकत होतो. झटकतच राहिलो.

२४ जाने., सावंगी

संपलं. सिस्टर शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसली होती.

पुस्तकातला शेवट : यशोधनचा वरचा साहेब शिंकतो, यशोधन ओळखतो गद्दार हाच, फोन वाजतो, समाप्त. माझा शेवट : तो वरचा साहेब नवी जीप स्वतः चालवायला घेतो. उतारावर गाडी न्यूट्रल करतो. मागं बसलेला वामन यशोधनच्या कानाशी लागतो, साहेब, काल तेलाच्या डागामागं आपण ज्या गाडीच्या मागं गेलतो, तीही उतारावर अशीच न्यूट्रल होती, तो हाच माणूस. सैन्यात शिकलेला उतारावर असं करत नाही. मग पकडापकडी. शेवटी वामन जीपच्या चाकामागचा दगड काढून ठेवतो आणि म्हणतो, चला.

काकाजींनी चादर गुडघ्यांवर सारखी केली. मला वाटलं, खोटं धरलं. मग म्हणाले, “आजपर्यंत प्रभंजनले वामन म्हंजे गंमत वाटे. यावेळी त्यानं त्याले मानूस केला. बोली पण जमली त्याले. पुन्यात बसून कशी जमली म्हनतो मी?”

सिस्टर खिडकीबाहेर पाहत होती.

“उभी रेघ,” काकाजी म्हणाले. “तूच मार माह्या नावानं. पेन्सिल गल्ल्यात हाये.”

उद्या सुट्टी मिळेल. मग लेकीकडं, नलूताईकडं वर्ध्यात. फेब्रुवारी अर्धा जाईपर्यंत वाचायची बंदी.

२६ जाने., कारंजा

झेंडावंदनाहून येऊन रेघ मारली. दोन्ही प्रतींवर. रेघ सरळ आली.

दुपारी भो. गुरुजी आले. कव्हर उघडलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. “काकाजींनी वाचलं हे?”

ऐकलं, म्हटलं.

“मग डोळ्याचं कशाला केलं, कानाचं करायचं होतं ऑपरेशन.” बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यानं भागलं असतं. पण जाताना गुरुजींनी दुसरं एक पुस्तक काढलं, जुनं, प्रवासवर्णन. आत उभी रेघ होती. रेघ पाहिली आणि पुस्तक जागेवर ठेवून दिलं. काहीच न घेता गेले.

गुरुजी कधी रिकाम्या हातानं गेलेले मी पाहिले नाहीत.

२९ जाने.

आणखी दोघांनी विचारलं, काकाजींची तब्येत बरी आहे ना. डोक्यावर परिणाम वगैरे? एक जण म्हणाला, म्हातारपणी माणूस प्रभंजनचा चमचा झाला.

खोडरबरानं रेघ खोडून पाहिली. शिसं गेलं, खाच राहिली. तिरपं धरलं की दिसतेच. पुन्हा गिरवली.

काकाजींना सांगायचं तर काय सांगायचं? तुम्हाला रडू येईल म्हणून खोटं वाचलं? ते विचारतील, मंग आवडलं ते कोनाचं होतं? ‘माझं’ म्हणायची लाज वाटते.

सांगितलं नाही तर डोळा बरा झाल्यावर पहिलं पुस्तक ते हेच उघडतील. नक्की. आवडलेलं ते दोनदा वाचतात.

३१ जाने.

नारू आला. परवा चार वाजता माल घेऊन रायपूर. “येतं का बे दिल्या? क्लीनर पळाला माहा.” हो म्हणून गेलो. म्हटल्यावर छातीत एकदम हलकं वाटलं. असं नेहमीच वाटतं, पहिला टोल नाका जाईपर्यंत.

सुलभावहिनींना चावी ठेवाल का म्हणून विचारलं. ठेवीन म्हणाल्या. मग म्हणाल्या, उभी रेघ पाहून मला बरंच वाटलं बापा, माझ्या बाजूनं कोणी तरी आहे. “पण वामनले मारलं ते काकाजीले कसं चाललं रे? त्याच्यावर तर जीव त्यायचा.” आणि माझ्याकडं पाहत राहिल्या. मी म्हटलं, चहा मांडतो.

२ फेब्रु., दुपार

थैली भरली. कपडे, ही वही, कंगवा. ब.दि.ची एक प्रत आत टाकली होती, पुन्हा काढून काउंटरवर ठेवली. चोरी नको. आणि नेऊन तरी काय, दुसरी प्रत राहतेच.

बाकावर गुरुजी आणि वहिनी पुन्हा त्याच पुस्तकावर. गुरुजी म्हणतात, आंबा. वहिनी म्हणतात, तुम्ही झाडं पाहता, मी माणसं पाहते. गुरुजी म्हणतात, माणूसच पाहतो आहे, दरीत पडलेला, त्याच्याकडं कोणी पाहिलंच नाही. नारूची वाट पाहता पाहता हे लिहितो आहे, म्हणजे हात रिकामा दिसू नये.

आर्वीची बस लागली समोर.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. बसमधून कोणी उतरलं. काळा चष्मा, कानटोपी, हातात पिशवी, एकटेच. काकाजी. यायचे त्याच्या पंधराएक दिवस आधी. नलूताईला तरी सांगितलं की नाही कोण जाणे.

गुरुजी म्हणतात, बरं झालं. वामनचं मरण कसं पटलं, आता त्यांनाच विचारू.

काकाजी पलीकडं कडेला थांबलेत. नारूचा ट्रक पण आला, त्यांच्या डाव्या हाताला, हॉर्न देऊन राह्यला माझ्यासाठी. त्यांना डावीकडचं दिसत नाही. एक पाय रस्त्यावर टाकला त्यांनी.

वही ठेवतो. हात धरायला जातो.