मागच्या सीटवरचा हात

१९ मे
पाऊस. उड्डाणं रद्द. पहाटेपासून फ्लाइंग सूट चढवून बसलोय आणि आभाळ हलायला तयार नाही!

दुपारी माझ्या खोलीतल्या पेइ-शाननं आमच्या दाराबाहेरच्या व्हरांड्यात खडूनं धावपट्टी आखली. संडासातला रबरी पंप दोन पायांत धरायचा, ती विमानाची स्टिक, नाक वर-खाली करायचा दांडा. मग तोंडानंच रेडिओवरचं बोलणं करत चकरा मारायच्या. "अगं वळ, वळ! भिंतीत घुसशील!" ती ओरडत होती. जमिनीवर मी फार छान उडते.

२० मे
पाऊसच. लिहून टाकते, म्हणजे डोकं तरी हलकं होईल.

मला विमान उतरवता येत नाही. सगळ्यांना वाटतं येतं. पण चाकं टेकायच्या जरा आधी माझ्या मुठीतली स्टिक हळूच मागे येते. मी ओढत नाही! मागच्या सीटवर शिकवणारे लियाओ सर असतात, त्यांची स्टिक माझ्या स्टिकला जोडलेली. म्हणजे उतरवतात ते, आणि मी नुसती धरून बसते. गेल्या वेळी उतरल्यावर म्हणाले, "बरं होतं." स्वतःचीच पाठ थोपटत होते की काय?

या पावसाळ्यात एकटीनं विमान उडवलं नाही, तर संपलं. पुढं जन्मभर ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या उड्डाणांची वेळापत्रकं करायची.

२४ मे
पाऊस माझ्यामुळे पडतोय म्हणे!

यंत्रांनी गुणी मुलासारखं वागावं म्हणून आमच्याकडे त्यांच्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात. हवामान-खोलीतल्या पाकिटाची तारीख उलटली होती. नवीन आणायला मला पिटाळलं. दुकानात हिरवी संपलेली. काहीच नसण्यापेक्षा पिवळं बरं, म्हणून पिवळं आणलं.

फांग सुभेदार, आमची विमानं सांभाळणारे, त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं पोरी, पिवळ्यानं यंत्र रुसतं! शेंबड्या पोरालासुद्धा कळतं हे!" तेव्हापासून मी दिसले की जो तो छत्री उघडतो. पेइ-शान तर छपराखालीही उघडते.

२७ मे
उघडलं!!

काय सांगू. एवढ्या पावसानं सगळं धुऊन काढलेलं. पूर्वेला दावू डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत उभा. इतके महिने तो तिथंच होता आणि मला पत्ता नव्हता! वळले, तर समुद्राकडच्या बाजूला माशांची तळी एकामागून एक उजळत गेली. हे सगळं मला बघायला मिळतंय, मला! भीती वाटायची असते हेच विसरले.

"निंग," मागून सर, "डोंगर पळून जात नाही. उंची बघ."

वारा बाजूनं होता. पायानं पेडल आपोआप दाबलं गेलं, विमानाचं नाक सरळ राहिलं. उतरताना मात्र पुन्हा तेच. मुठीतली स्टिक हळूच मागे.

२८ मे
पाऊस.

३१ मे
सर म्हणाले, उद्या आभाळ मोकळं असेल तर तू एकटी.

जेवताना त्यांच्या समोर जाऊन बसले आणि बोलून टाकलं. "सर, मला जमणार नाही. उतरवता तुम्ही. मला कळतं ते, स्टिक हलते."

ते मटणाच्या सुपातलं आलं वेचून बाजूला काढत होते. "सूप निवतंय तुझं."

"सर, मी खरंच सांगते —"

"उडायचं नाही का? तसं लिहून दे. नाहीतर जेव."

मी जेवले. एवढा राग आला होता की भात दोनदा घेतला.

१ जून
विमानात बसले, पट्टे आवळले आणि ढग खाली आले. रद्द!

फांग सुभेदार शिडी लावून वर आले. "सुटलीस म्हणायची आज." मी मान हलवली. पण सुटल्यासारखं वाटतच नव्हतं. खाली उतरताना डोळ्यांत पाणी. मला जायचं होतं! हे कधी झालं?

२ जून
ढग.

३ जून
आज गेले. मागच्या सीटचे मोकळे पट्टे सरांनी स्वतः बांधले, विमानावर थाप मारली आणि छत्री घेऊन गवतात जाऊन उभे राहिले.

पहिली फेरी. धावपट्टी समोर मोठी होत आली. चाकं टेकायच्या जरा आधी मुठीतली स्टिक हळूच मागे आली. अगदी तशीच! अंगावर सरसरून काटा आला. मागे कुणी नव्हतं.

दुसऱ्या फेरीला नीट लक्ष ठेवलं. माझाच हात.